न पाहिलेल्या रंगाचे ज्ञान

वाचकहो, जन्मतः दृष्टी नसलेल्या माणसाला निळा रंग कसा समजावून सांगाल? आभाळासारखा म्हणावे, तर आभाळ त्याने पाहिलेले नाही. पाण्यासारखा म्हणावे, तर ओंजळीतले पाणी त्याच्या हाताला गार लागते, निळे लागत नाही. इथे आपण थांबतो आणि मनाशी ठरवून टाकतो की रंग नाही म्हणजे चित्र नाही, आणि चित्र नाही म्हणजे त्या माणसाचे सारे जग अंधार. वास्तविक अंधार हाही डोळसांचाच अनुभव आहे. ज्याने उजेड कधी पाहिला नाही, त्याच्यावर आपण आपला अंधार लादतो.

तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे १९५३ साली जन्मलेले एश्रेफ अर्माआन (आपल्याकडचे ‘अशरफ’ हे नाव तुर्की उच्चारात असे होते) जन्मांध आहेत आणि चित्रकार आहेत. ही कला ते स्वतःच शिकले. ब्रेल लिहिण्याच्या टोच्याने ते आधी रेषा उठवतात. एक हात रेषा ओढतो, दुसरा तिच्यामागून चाचपत जातो. मग बोटांनीच रंग भरतात. एक रंग वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालत नाहीत, कारण ओला रंग बोटाखाली फिसकटतो. त्यांच्या चित्रांत दूरची घरे लहान होतात, रस्ता लांब जाता जाता निमुळता होतो. टोरॉन्टो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी त्यांच्याकडून घनाकृती काढून घेतली, मग तीच फिरवून ठेवली तर कशी दिसेल, हेही काढायला सांगितले. चित्रकार ज्याला यथार्थदर्शन म्हणतात, तो नियम त्या रेषांत पाळलेला होता.

अर्माआन पक्षी, मासे आणि माणसेही रंगवतात. सजीवांच्या चित्रांविषयी उलमांचे म्हणणे वाचकांना ठाऊक आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता, माझेही म्हणणे त्याहून निराळे नाही. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. हे ज्ञान त्यांना मिळाले कोठून?

मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘अकाइदे नसफी’ या ग्रंथाच्या आरंभीच ज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत: निर्दोष ज्ञानेंद्रिये, सत्य खबर आणि अक्ल, म्हणजे बुद्धी. ज्ञानेंद्रिये पाच आहेत, केवळ डोळे नव्हेत. भांड्याची कड, भिंतीचा कोपरा, पानाची शीर हे डोळ्यांइतकेच बोटांनाही कळते. म्हणून रेषा ही एकट्या डोळ्यांची मालमत्ता नाही. दूर जाणारी वस्तू लहान होते, याचा अंदाज हात पसरून दिशा मोजणाऱ्या माणसाची बुद्धी बांधू शकते. राहिला रंग. तो ना हाताला कळतो, ना तर्काला. तो अर्माआन यांना लोकांना विचारूनच कळला. सफरचंद कोणत्या रंगाचे, पान कोणत्या रंगाचे, हे कोणीतरी सांगितले आणि त्यांनी ते सत्य मानले. हीच खबर.

खबरीने मिळालेले ज्ञान कच्चे असे कोणी म्हणेल. त्याला आपले आचार्य मक्का आणि बगदाद या शहरांचा दाखला देतात. ज्याने ही शहरे पाहिली नाहीत, तोही त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका घेत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी काबा प्रत्यक्ष पाहिला आहे? तरीही दिवसातून पाच वेळा आपण तोंड तिकडेच करतो.

मात्र इथे अतिशयोक्ती करू नये. मुस्नद अहमदमधील एका हदीसप्रमाणे प्रेषित (स.) यांनी ऐकणे आणि पाहणे यांत फरक केला आहे. आपल्या लोकांनी वासराची पूजा मांडल्याची खबर हजरत मूसा (अ.) यांना खुद्द अल्लाहने दिली, तेव्हा त्यांनी हातातील पाट्या टाकल्या नाहीत, डोळ्यांनी पाहिले तेव्हा टाकल्या. खबर खरी असूनही पाहण्याचा परिणाम निराळा होतो. अर्माआन यांच्या मनातील तांबडा आपल्या तांबड्यासारखा असेल, असे मी म्हणणार नाही. त्यांना तांबड्याविषयी ज्ञान आहे, एवढेच म्हणेन, आणि ते थोडे नाही.

फकीहांनी हे फार पूर्वी ओळखले होते. हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. अंध माणसाची खरेदी ‘हिदाया’मध्ये वैध ठरवली आहे आणि त्यालाही हा अधिकार दिला आहे. त्याचे ‘पाहणे’ कसे व्हायचे? स्पर्शाने कळणारी वस्तू त्याने चाचपावी, वासाने कळणारी हुंगावी, चवीने कळणारी चाखावी. आणि जमीन? ती त्याला वर्णन करून सांगितली गेली पाहिजे. तोवर त्याचा अधिकार संपत नाही. इथे वर्णन ही दया नाही, ग्राहकाचा हक आहे.

आता आपल्या घरांकडे पाहा. अंध मुलाला आपण जेवू घालतो, हाताला धरून नेतो, त्याच्यासाठी दुआ मागतो. पण त्याने ‘बाहेर काय आहे?’ असे विचारले, तर ‘तुला काय करायचंय?’ हे उत्तर अनेक घरांत तयार असते. ईदेचे कापड निवडताना त्याच्या हाती ते दिले जात नाही, रंगही सांगितला जात नाही. कमजोर नजरेच्या माणसासाठी तुमचे पाहणे हा सदका आहे, अशा अर्थाची हदीस तिरमिजीमध्ये आहे. काहीजण सदका म्हणजे ऐच्छिक उपकार समजतात. पण सूरह जारियातमध्ये (५१:१९) संपत्तीतील मागणाऱ्याच्या वाट्यालाही हकच म्हटले आहे. विचारणारे मूलही मागणारेच असते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी होते. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले असता ते काही विचारायला आले. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, त्यावर सूरह अबस अवतरली. हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्यांच्याविषयीची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. रमजानमध्ये हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्रीच होत असे. इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान होईपर्यंत खा-प्या, असा प्रेषितांचा (स.) आदेश होता. बुखारीत नमूद आहे की उजाडल्याचे लोकांनी सांगितल्याखेरीज ते अजान देत नसत. उजाडलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे लोकही घास खाली ठेवायचे, ते पहाट न दिसणाऱ्या त्या माणसाचा आवाज ऐकून.