लेंगी : ओळ देणारा आणि ओळ झेलणारे

फाल्गुन लागला की यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर डफ वाजू लागतात. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या भागांत तांड्यांची वस्ती दाट आहे. होळीच्या दिवसांत तेथे गायली आणि नाचली जाणारी लेंगी हा गोरबोलीतील, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतील, सर्वांत जिवंत गीतप्रकार म्हणावा लागेल. इतर गावांत होळी संध्याकाळी पेटते, तांड्यात ती दुसऱ्या दिवशी पहाटे पेटवण्याची रीत आहे. त्यामुळे मधली सगळी रात्र गाण्याला मिळते. फेर तांड्याच्या नायकाच्या दारासमोर धरला जातो. साथीला डफ, नंगारा आणि काशाची थाळी एवढेच असते.

लोकगीतांचा संग्रह करणारे लेंगीचे शब्द उतरवून घेतात, तर सांस्कृतिक कार्यक्रमांचे आयोजक तिच्या पावलांना मंचावर बोलावतात. या वाटणीत लेंगी दोन्हीकडून निसटते. कागदावर उतरलेली लेंगी फार किरकोळ दिसते. दोन-चार ओळी आणि त्याच त्या पालुपदाची पुनरावृत्ती, एवढेच वाचकाच्या हाती लागते. प्रत्यक्षात या पुनरावृत्तीतच गाण्याचे सगळे बांधकाम असते. एकजण ओळ देतो, बाकीचे ती उचलतात. उचलताना कधी पूर्ण ओळ घेतात, कधी शेवटचा अर्धा तुकडाच धरून ठेवतात. समूह झील ओढत असताना पुढे गाणारा गप्प असतो, पण रिकामा नसतो. फेर किती तापला आहे, डफाची गती कुठवर आली आहे, हे पाहून तो पुढची ओळ निवडतो, किंवा तीच ओळ पुन्हा देतो.

नाचणाऱ्या बायकांची हालचाल या देण्याघेण्याला बांधलेली असते. पाऊल पुढे पडते, कंबरेतून वाकून टाळी वाजते, अंग सरळ होते आणि फेर सरकतो. ओळीत राधा-कृष्ण असोत, संत सेवालाल महाराज असोत की दीर-भावजयीची थट्टा असो, हात त्या शब्दांचे चित्र काढत नाहीत. येथे लेंगी आणि बैठकीची लावणी यांच्यातला फरक ध्यानात घ्यावा. बैठकीच्या लावणीत एकच ओळ घोळवून चेहऱ्याने आणि हाताने तिचे नवनवे अर्थ दाखवले जातात. लेंगीत अर्थ गळ्याकडे राहतो आणि अंग लयीला उत्तर देते. फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, लावलेले घुंगरू, नाणी आणि हातभर बांगड्या यांचा आवाज त्या उत्तरात मिसळतो.

शब्दाचा अभिनय न करता त्याला उत्तर द्यायचे, ही गोष्ट स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातील फ्लामेंकोत फार बारकाईने घडवलेली दिसते. युनेस्कोने 2010 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या या कलेत गाणे, नाच आणि गिटार ही तीन अंगे आहेत आणि जाणकार त्यांत गाण्याला पहिला मान देतात. तिथले कडवे तीन किंवा चार ओळींचे असते आणि ओळ बहुधा आठ अक्षरांची. सोलेआ या गंभीर प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते आणि तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या, बाराव्या मात्रेवर आघात येतो. गायकाने ओळ घेतली की नर्तक आवरता होतो. तो हलक्या पावलांनी फक्त ताल धरून राहतो, कारण त्या वेळी ऐकणे हेच त्याचे काम असते. ओळ संपताना मात्र तो पायांच्या आघातांनी तिला शेवट देतो. नव्या कडव्यासाठी गायकाला इशारा देण्याचा अधिकारही नर्तकाकडेच असतो. गाण्याच्या मध्येच पायांचा गडगडाट करणारा नर्तक तिथे कच्चा ठरतो.

फ्लामेंकोशी ज्यांचे नाव जोडले जाते ते रोमा, म्हणजे जिप्सी, लोक आणि बंजारा एकच, असे अनेकदा सांगितले जाते. रोमानी भाषा भारतीय आर्य कुळातील आहे, हे भाषाशास्त्राने दाखवले आहे. पण त्यावरून रोमा म्हणजे बाहेर गेलेले बंजारेच, असे सिद्ध होत नाही. शिवाय फ्लामेंको घडला तो अंदालुसियात, तिथल्या जिप्सींच्या आणि इतर रहिवाशांच्या मिळून आलेल्या गाण्यांतून. तेव्हा ही तुलना रक्ताच्या नात्यावर उभी करू नये. गाणारा आणि नाचणारा एकमेकांना कसे ऐकतात, एवढाच तिचा आधार आहे आणि तो पुरेसा आहे.

याच आधारावर दोहोंतला भेदही स्पष्ट होतो. फ्लामेंकोत उत्तर देणारा एकटा असतो आणि तो पायांनी बोलतो. लेंगीत नाचणारे स्वतःही गातात. ओळ त्यांच्या गळ्यातून परत येते तेव्हाच ती पुरी होते. म्हणून लेंगीत ओळीचे आयुष्य ठरवण्याची खरी सत्ता फेराकडे असते. त्याला आवडलेली ओळ तो सोडत नाही, न आवडलेली एका फेरात विरते. दुष्काळ, सावकारी, दारू, हुंडा, मुलींचे शिक्षण असे नवे विषय लेंगीत आले ते याच वाटेने.

ही सत्ता तांड्याकडे टिकली, यालाही इतिहास आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी लदेणी रेल्वे आल्यावर बुडाली, तांडे वऱ्हाडच्या रानाकडेला स्थिरावले आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशात अनेक भटक्या जमातींसह बंजाऱ्यांवरही संशयाचा शिक्का बसला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही आणि जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. अशा स्थितीत जे काही जपायचे ते मुखानेच जपावे लागले.

आज लेंगीची ध्वनिमुद्रणे मुबलक मिळतात आणि तांड्यातही मोठ्या कर्ण्यांवर वाजतात. ध्वनिमुद्रित गाण्यामुळे भाषा घराघरांत पोचते, हे नाकारता येणार नाही. पण त्यावर नाच बसवला की फ्लामेंकोपेक्षा लेंगीचे नुकसान जास्त होते. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचणारा फ्लामेंको नर्तक निदान आपले पाय तरी स्वतःचे ठेवतो. लेंगीचा फेर मात्र मुका होतो. ओळ आधीच परत घेतलेली असते, ती किती वेळा घ्यायची हेही ठरून गेलेले असते. स्नेहसंमेलने आणि स्पर्धांत लेंगीला पाच-सात मिनिटे मिळतात, रांगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहतात आणि परीक्षक वेशभूषा व एकसारखेपणा पाहतात. आयोजकांनी डफवाल्यांना फेरात उभे केले, ध्वनिक्षेपक नाचणाऱ्यांच्या गळ्यांसाठीही ठेवला आणि ओळ किती वेळ चालवायची हे फेरावर सोडले, तर मंचावरही लेंगी बरीचशी तग धरू शकते. त्यासाठी वेळेची मर्यादा सैल करावी लागेल आणि परीक्षकांना गोरबोली समजावी लागेल.