उगमाचे ऋण

पावसाळा सरत आला होता. हिंगोलीहून नांदेडकडे निघालेली एस.टी. आखाडा बाळापूरच्या थांब्यावर थोडी अधिकच रेंगाळली. आमच्या शेजारी पंचविशीतला एक शेतकरी बसला होता. पायाशी पिशवी, हातात मोबाईल. त्याच्या हळदीची पाने पिवळी पडून वाळू लागली होती. त्याने मोबाईलला तोंडीच प्रश्न विचारला आणि काही क्षणांत शुद्ध मराठीत उत्तर ऐकू आले. ही कंदकूज असण्याचा संभव आहे. सरीत पाणी साचू देऊ नका. कुजलेले कंद उपटून शेताबाहेर न्या व नष्ट करा. तरुणाचा चेहरा उजळला. आम्ही सहज विचारले, "बाबा, हे सांगितलं कोणी?" तो म्हणाला, "मोबाईलनं सांगितलं की, काका."

उत्तरात खोटे काही नव्हते. तरीही ते शब्द आमच्या मनात सलत राहिले. मोबाईलने कधी हळद लावलेली नाही. चिखलात वाकून, कुजका कंद हाती घेऊन, त्याचा वास घेऊन त्याने रोग ओळखलेला नाही. हे कोणीतरी माणसाने केले. एखाद्या संशोधकाने वर्षानुवर्षे वाफ्यांतून नोंदी ठेवल्या, एखाद्या शेतकऱ्याने आपले बुडालेले पीक दाखवून धडा दिला, कोणीतरी ते सोप्या मराठीत लिहून संकेतस्थळावर ठेवले. यंत्राने ते सारे वाचले, दळले आणि पीठ आमच्या ताटात वाढले. प्रश्न असा की, जेवणाऱ्याने जात्यापलीकडच्या शेताची आठवण ठेवावी की न ठेवावी? आणि ठेवावयाची असेल तर ते केवळ सौजन्य, की न्यायाचा भाग?

हा प्रश्न आज पोटाशीही येऊन भिडला आहे, म्हणून त्याची व्यावहारिक बाजू आधी पाहू. संकेतस्थळ जगते ते वाचकांच्या वर्दळीवर. कोणाला तीतून जाहिरातीचे पैसे मिळतात, कोणाला वर्गणीदार, कोणाला देणगी. आणि ज्यांना यांपैकी काहीच नको असते, त्यांना निदान आपले लिहिणे कोणाच्या तरी उपयोगी पडते एवढा दिलासा मिळतो. गूगलची स्थापना १९९८ साली झाली. तेव्हापासून शोधयंत्रे आणि लेखक यांच्यात एक अलिखित करार चालत आला. यंत्राने पाने वाचावीत, त्यांची सूची करावी आणि मोबदल्यात विचारणाऱ्याला त्या पानाच्या दारापर्यंत आणून सोडावे. फाट्यावरच्या पाटीसारखे ते काम होते. पाटी गाव दाखवी. गावात जायचे ते प्रवाशानेच.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि पाटीच बोलू लागली. गावात काय आहे ते फाट्यावरच कळू लागल्यावर आत कोण वळणार? गूगलनेही शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले सारांश देण्यास आरंभ केला. भारतात ते २०२४ साली आले. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील ९०० प्रौढांच्या वापराची पाहणी केली. असा सारांश समोर नसताना शंभरांतील १५ वेळा लोक एखाद्या दुव्यावर गेले. सारांश असताना केवळ ८ वेळा. आणि सारांशाच्या आतच दिलेल्या दुव्यावर शंभरांतून एकदा. ज्या विकिपीडियाच्या मजकुरावर ही यंत्रे मोठ्या प्रमाणात पोसली गेली, तिच्या चालकांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले की, माणसांची ये-जा आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटली आहे.

चित्राची दुसरी बाजूही आहे. संवादयंत्रे आता उत्तराखाली मूळ पानांचे दुवे देऊ लागली आहेत, आणि काही वाचक तेथून येतातही. त्यामुळे संकेतस्थळांचे चालक या यंत्रांकडे वर्दळीचा नवा झरा म्हणून आशेने पाहतात. यंत्राने आपलेच नाव घ्यावे म्हणून कसे लिहावे, हे शिकविणारा एक नवा धंदाही उभा राहिला आहे. तोवर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्याच आहेत. अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२३ मध्ये, आणि आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, चॅटजीपीटीच्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कायदा आपल्या गतीने बोलेल. परंतु कायदा बोलेपर्यंत सदसद्विवेकाने गप्प बसावे, असे कोठे आहे?

प्रथम विरुद्ध पक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. ज्ञान ही वाटल्याने उणी होणारी वस्तू नव्हे. एका पणतीवर दुसरी लावली तर पहिलीचा उजेड घटत नाही. कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन चालते. ही सारी केंद्रे शेतकऱ्याचे पीक वाचावे म्हणूनच आहेत ना? मग तो सल्ला मोबाईलच्या तोंडून पोहोचला तर त्यांचा हेतू सफलच झाला. तो तरुण कदाचित लांबलचक पत्रक कधी उघडता ना. त्याला बोललेले कळते; त्याच्याशी बोलणारे कोणी भेटले. ज्यांच्यासाठी ग्रंथालयाचे दार कधी उघडलेच नाही, त्यांच्या हाती ही किल्ली आली. तिचा दुस्वास करणे म्हणजे आपल्या सुशिक्षितपणाच्या मिरासदारीला कवटाळणे होईल.

हे सारे आम्हांस मान्य आहे. पणतीचा दृष्टान्त खराच आहे. पण पहिल्या पणतीत तेल कोणी घालावयाचे, याचे उत्तर तो देत नाही.

याच जिल्ह्यातील दोन गोष्टी आम्हांस येथे आठवतात. पहिली वसमतची. तेथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ती हळद भारतात कोठेही विकली जावो, तिच्यावरचे वसमतचे नाव दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही. मातीचा, हवामानाचा आणि पिढ्यांच्या कष्टांचा हक्क मालाबरोबर प्रवास करतो. हळकुंडाला आपण हे देऊ केले. ते हळकुंड कसे वाढवावे या ज्ञानाला मात्र नाव नाही, गाव नाही.

दुसरी गोष्ट नरसीची. कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. नामदेवांच्या काळी ना छापखाना होता ना स्वामित्वहक्काचा कायदा. अभंग एका मुखातून दुसऱ्या मुखात जात होते, आणि कोणीही ते गावे अशीच इच्छा होती. पण प्रत्येक अभंगाच्या अखेरीस कर्त्याची नाममुद्रा असे. नामदेवांची ६१ पदे पंजाबात शिखांच्या आदिग्रंथात, १६०४ साली, संकलित झाली तीही त्यांच्याच नावाने. सातशे वर्षे लोटली, भाषा पालटली, लिपी पालटली, नाव टिकले. त्या नावाच्या धाग्याला धरून पंजाबातील भाविक आजही नरसीची वाट विचारीत येतात, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमानला भरले तेही त्याच धाग्याने. उदारपणे देणे आणि नाव राखणे यांत विरोध नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. विरोध आहे तो देणे आणि पुसून टाकणे यांत.

नाव राखण्यात अहंकार पोसला जातो, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मते नावाची खरी कामे दोन आहेत, आणि दोन्ही वाचकाच्या हिताची. एक म्हणजे जबाबदारी. औषधाची मात्रा चुकीची सांगितली गेली आणि पीक गेले, तर तो तरुण कोणाला जाब विचारणार? केंद्रातील तज्ज्ञाला तो गाठू शकतो, कंद नेऊन दाखवू शकतो, वाद घालू शकतो. निनावी उत्तराशी वाद घालता येत नाही. दुसरे काम नात्याचे. हे त्रैमासिक वाचणारी कुटुंबे हे जाणतात. वर्गणी संपली की स्मरणपत्र जाते, एखाद्या लेखावर रागावलेले पत्र येते, कोणी आजी मिस्सानंतर चर्चच्या आवारात लेखकाला थांबवून सांगते की, तुमचे म्हणणे मला पटले नाही. वर्दळ ही मोजता येते. भेट मोजता येत नाही. लेखक दुसरीवरच जगतो. ती नाहीशी झाली की तो हळूहळू लिहावयाचे सोडतो. कोणी दटावले म्हणून नव्हे, तर पलीकडे कोणी आहे असे वाटेनासे होते म्हणून. मग उद्या हळदीवर एखादा नवा रोग येईल आणि यंत्रापाशी कालचेच उत्तर असेल. कारण बांधावर जाऊन पाहणारा आणि पाहिलेले लिहून ठेवणारा उरलेला नसेल.

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मानले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे ठेवला तो याच पायावर. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना, कृत्रिम बुद्धिमत्तेने उभ्या केलेल्या श्रमाच्या व प्रतिष्ठेच्या प्रश्नांचाच उल्लेख केला. लिहिणे हेही श्रम आहेत. ते यंत्राच्या पोटात गेले म्हणून श्रम राहत नाहीत, असे नाही.

मग देणे कोणाचे? यंत्रे चालविणाऱ्या कंपन्यांचे तर आहेच. उगम ठळकपणे दाखविणे, ज्यांच्या मजकुरावर व्यवसाय उभा राहिला त्यांना वाटा देणे, आणि नको म्हणणाऱ्याच्या नकाराचा मान राखणे, एवढे त्यांच्याकडून मागितले पाहिजे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने जुलै २०२५ मध्ये यंत्रांकडून दर भेटीमागे मोल घेण्याची एक योजना पुढे आणली. ती कितपत चालेल हे काळ ठरवील, पण प्रश्न योग्य दाराशी गेला. लेखकांचेही एक देणे आहे. यंत्राने आपल्याला निवडावे म्हणून जो यंत्रासाठीच लिहू लागला, त्याने वाचक आधीच सोडला. ज्याला कंदकुजीबद्दल सांगावयाचे आहे त्याने बांधावरच्या माणसाकडे पाहून लिहावे. यंत्राला त्यातून जे घ्यावयाचे ते घेऊ द्यावे.

आणि तिसरे देणे आमचे. त्या दिवशी घरी पोहोचल्यावर आम्ही तोच प्रश्न आमच्या मोबाईलला विचारून पाहिला. उत्तर आले, आणि त्याखाली बारीक अक्षरांत तीन ठिकाणांची नावे होती. खरे सांगावयाचे तर आम्ही ती उघडली नाहीत. काम झाले होते. दिवसभर बसमधल्या त्या तरुणाच्या उत्तरावर मनातल्या मनात टीका करणारे आम्ही, शंभरांतील नव्व्याण्णवांत निमूटपणे जाऊन बसलो. शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी आम्हांस तेव्हा आठवले. दहाही बरे झाले होते. बरे होण्यात कोणाचे काही चुकले नव्हते. परत फिरला तो मात्र एकच, आणि तोही परका शमरोनी. उरलेल्या नऊ जणांनी काही चोरले नव्हते. त्यांना फक्त घाई होती.

आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म त्या घाईत आहे. दर वेळी प्रत्येक दुवा उघडावा असे आम्ही म्हणणार नाही. ते कोणालाच शक्य नाही. पण ज्या उत्तरावर आपले पीक, आपले औषध, आपले मत किंवा आपल्या मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, त्या उत्तराच्या उगमापर्यंत एकदा चालत जाणे हे आपले कर्तव्य आहे; आणि घरातील मुलांना "उत्तर काय?" याबरोबरच "सांगितले कोणी?" हे विचारावयास लावणे हेही.

आखाडा बाळापूर सोडताना आम्ही त्या तरुणाला विचारले होते, तोंडापूरचे केंद्र त्याला ठाऊक आहे काय. तो म्हणाला, "जवळच आहे की. पण कधी गेलो नाही." मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून तो म्हणाला, "दोन कंद घेऊन जाऊन येतो एकदा." तो गेला की नाही हे आम्हांस कळावयाचा मार्ग नाही. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिन्ही नावांपैकी पहिले उघडले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. पानाच्या तळाशी लिहिणाऱ्याचे नाव होते.