बऱ्या न होणाऱ्या हृदयाची शुश्रूषा

ज्या आजाराचा शेवट आपल्या हाती नाही, त्यात रोज कष्ट कशासाठी घ्यायचे? जुनाट हार्ट फेल्युअरच्या रुग्णाशेजारी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथे हृदय बंद पडलेले नसते. रक्त पुढे ढकलण्याची किंवा सैल होऊन रक्त भरून घेण्याची त्याची ताकद उणावलेली असते. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचले की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पाय सुजतात, आडवे होताच धाप लागते, उशीवर उशी चढते. योग्य गोळ्यांनी आयुष्य वाढते, हे गेल्या काही दशकांतल्या चाचण्यांनी सिद्ध केले आहे. पण बहुतेकांचा आजार जन्माची सोबत करतो. बरे दिवस, मग अचानक रुग्णालय, मग पुन्हा बरे दिवस. पुढची खेप कधी येईल, हे तज्ज्ञालाही नेमके सांगता येत नाही. अशा घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: ‘प्रारब्धात असेल ते होईल’ आणि ‘फळाची आशा न धरता सेवा करावी’. दोन्ही गीतेच्याच नावावर खपतात. माझ्या मते दुसरे वाक्य नीट समजून घेतले, तर ते पहिल्याला थेट खोडून काढते.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचा मुख्य वाद गीतेच्या संन्यासपर अर्थाशी होता. कर्म सोडायचे नाही, त्याच्या फळावरची आसक्ती सोडायची, असे त्यांचे प्रतिपादन. आसक्ती सुटली म्हणून परिणामाकडे पाठ फिरवायची मोकळीक मिळत नाही. हार्ट फेल्युअरची शुश्रूषा तर सगळी परिणामावर डोळा ठेवण्याचीच असते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायचे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर सूज दिसायची वाट न पाहता फोन करायचा. इतक्या थोड्या वेळात वाढलेले वजन बहुधा पाण्याचे असते. जाणकार सिस्टर आणखी विचारते: रात्री किती उशा लागल्या? जिना चढताना कितव्या पायरीवर थांबलात? गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणलीत का? (यातल्या बऱ्याच गोळ्या शरीरात पाणी साठवतात.) एकादशीला उपवासाचे म्हणून सैंधव सढळ हाताने घातले का? ते चालते म्हणून हृदयालाही चालेल अशी अनेकांची समजूत असते. पण सैंधव हेही सोडियमच आहे.

या चौकशीने खरेच काही साधते का? १९९५ साली अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या २८२ रुग्णांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना परिचारिकेच्या पुढाकाराने शिकवण, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा मिळाला. नव्वद दिवसांत याच आजारासाठी पुन्हा दाखल होण्याच्या खेपा नेहमीच्या उपचारांच्या गटात ५४, तर या गटात २४ होत्या. याउलट २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,६५३ रुग्णांपैकी एका गटाने लक्षणे आणि वजन फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला कळवले. पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. दोन चाचण्यांची पद्धत वेगळी, म्हणून त्यांची सरळ तुलना करू नये. आणि २०१८ च्या जर्मन चाचणीत दूरनिरीक्षणाचा फायदा दिसला, हेही सांगायला हवे. मात्र तिथे पलीकडे डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर होत्या. नुसत्या आकड्याने भागत नाही. तो वाचून लगेच काही करणारे माणूस लागते, असा अर्थ मी यातून काढतो.

अनासक्तीने सेवा कोरडी होईल, असा आक्षेप घेतला जातो. मला उलटेच दिसते. रुग्णाच्या बरेपणात ज्याला स्वतःचे यश मोजायचे असते, त्याला त्याची सूज अपमानासारखी लागते. मग ‘लोणचे खाल्लेत ना?’ असा दरडावणीचा सूर येतो, आणि पुढच्या वेळी रुग्ण खरे सांगत नाही. श्रेय सोडलेल्या माणसापुढे पापड कबूल करणे सोपे असते. दुसरा आक्षेप विनोबांच्या उदाहरणाने घेता येईल: नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी पवनारला अन्न आणि औषध सोडले. पण तो निर्णय ज्याचे शरीर त्याचा होता. शुश्रूषा करणाऱ्याने दुसऱ्याच्या वतीने तो घ्यायचा नसतो. रुग्णाने शुद्धीत, समजून उपचार आवरते घ्यायचे ठरवले, तरी सेवा थांबत नाही, तिचे लक्ष्य बदलते. लघवीची गोळी तेव्हाही बहुधा चालू ठेवतात, कारण तिने श्वास हलका होतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. निष्काम सेवेचा उपदेश घरातल्या सुनेला आणि वॉर्डातल्या सिस्टरलाच का ऐकवला जातो? हा आक्षेप मला मान्य आहे. आसक्ती ज्याची त्याने सोडायची असते. दुसऱ्याला ती सोडायला लावून त्याचे श्रम फुकट घेणे हा निव्वळ अन्याय होय. त्या घराने आधी रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत, आणि रुग्णाला घरी सोडताना सगळे नीट समजावून सांगण्यासाठी रुग्णालयाने सिस्टरला पगारी, मोकळा वेळ द्यावा.