आय्तु

कन्नडमध्ये ‘आय्तु’ या शब्दाचे दोन अर्थ. एक ‘झालं’, दुसरा ‘बरं, ठीक आहे’. कोल्हापूर सोडून बंगळुरूला येऊन मला 12 वर्षं झाली. हा फरक कळत नाही म्हणायची सोय आता उरलेली नाही.

त्या रात्री वॉर्डातल्या आया अक्कांना मी सांगितलं, निपाणीच्या आजींची कूस दर दोन तासांनी बदला. आजींना पक्षाघात, डावी बाजू लुळी. अक्का घाईत जाता जाता म्हणाल्या, ‘आय्तु सिस्टर.’ मी सोयीचा अर्थ घेतला. चार्टवर 12, 2 आणि 4 समोरच्या तिन्ही खुणा माझ्याच, पहाटे एका दमात केलेल्या.

सकाळी स्पंज करताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटानं दाबला. निरोगी कातडी क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली. बेडसोअरची पहिली पायरी.

इन्चार्ज सिस्टरनी विचारलं तेव्हा तोंडून निघालं, ‘अक्कांना सांगितलं होतं.’ शब्द न् शब्द खरा. काम सोपवायचं तर माणूस बघावा, प्रसंग बघावा, नीट सांगावं आणि मग देखरेख ठेवावी, हे मी परीक्षेत घोकून लिहिलंय. आपण असताना जे होतं ते आपल्या पाठीमागंही व्हावं, अशी घडी बसवा, हे नाइटिंगेलबाईंनी 1859 सालीच ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बजावलं. मी तर कुठं गेलेही नव्हते, वीस पावलांवर रजिस्टर भरत होते. आजींना वळवायला चादर धरून दोघी लागतात. अक्का दोन वॉर्ड एकट्या सांभाळत होत्या. दुसरी मीच व्हायला हवी होते.

आणि आजी? त्यांच्याशी मराठीत बोलणारी वॉर्डात मी एकटीच, याचा मला कोण अभिमान! रात्री दोनदा थांबून निपाणीच्या तंबाखूच्या वखारींबद्दल गप्पा मारल्या. ‘बरं हाय न्हवं आजी?’ विचारलं. या प्रश्नाला आमच्याकडं ‘व्हय बाळ’ याखेरीज उत्तर नसतं. कुशीवर कुणी वळवलं का, पाठीला रग लागलीय का, हे विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा.

डाग चार दिवसांत गेला. अक्कांना मात्र त्या सकाळी सगळ्यांदेखत बोलणी बसली, आणि मी शेजारीच सिरिंजा मोजत उभी होते. अजून त्यांची माफी मागितलेली नाही. ‘क्षमिसि’ हा शब्दही मला 12 वर्षांपासून येतो.