नाव नसलेल्या शिल्पापाशी

शिकागोच्या डेली प्लाझात या आणि कडेला उभे राहा, शिल्प पायापासून माथ्यापर्यंत दिसेल इतक्या अंतरावर. खांद्यावरची पिशवी खाली ठेवा. फोटो नंतर.

समोर ५० फूट उंचीचं, १६२ टनांचं पोलाद आहे. पाब्लो पिकासोनं केलेल्या साडेतीन फुटी नमुन्यावरून ते घडवलं आणि १५ ऑगस्ट १९६७ रोजी त्यावरचा पडदा उतरवला. पिकासो तेव्हा आला नव्हता; या शहरात तो कधी आलाच नाही. देऊ केलेले एक लाख डॉलर त्यानं घेतले नाहीत आणि शिल्पाला नावही दिलं नाही.

आता मन विचारेल, हे आहे तरी काय? विचारू दे. उत्तराची घाई नको. बाईचा चेहरा दिसेल, मग लांब तोंडाचा कुत्रा, मग कदाचित माकड. जे दिसेल ते येऊ द्या, जाऊ द्या. हळूहळू एका बाजूला सरका. चेहरा मोडतो. उरतात सपाट, पातळ पत्रे आणि त्यांच्यामधल्या सळ्या. सळ्यांच्या फटींतून पलीकडचं आकाश. तिथं जरा रेंगाळा. एवढं वजन, आणि आत बरीचशी हवाच.

मग रंगाकडे या. हा गंज आहे. गंज म्हणजे नाश, हे कोकणातल्या खिडकीच्या गजांनी आपल्याला पक्कं शिकवलेलं. पण या पोलादात तांबं, क्रोमियम अशा धातूंची भर आहे. त्याचा गंज घट्ट चिकटून बसतो आणि आतला धातू राखतो. रंगारी लागत नाही. मागची न्यायालयाची उंच इमारतही त्याच पोलादाची, १९६५ साली पुरी झालेली. दोन्हींवर तोच पाऊस, तोच बर्फ पडत आला आहे. हा तपकिरी रंग कुणी निवडून लावलेला नाही, हवेनं चढवलेला आहे. त्याच्याकडे चार श्वास नुसतं पाहा.

१९७० साली न्यायालयानं ठरवलं की या शिल्पाचा प्रताधिकार कुणाकडेच नाही. (पोरांना निकाल वाचावा लागत नाही, ती पायथ्याच्या उतारावरून खुशाल घसरतात.) जवळ जा, हात लावा. उन्हात तापलं असेल, थंडीत बोटं आखडतील. जे असेल ते तळव्याला कळू दे.

पिशवी उचला. डिअरबॉर्न रस्त्यानं दक्षिणेकडे काही चौक गेलं की काळ्या इमारतींमध्ये अलेक्झांडर कॅल्डरचं लालभडक शिल्प लागेल, १९७४ चं. त्याला नाव आहे, ‘फ्लेमिंगो’. पक्षी शोधत बसू नका. कमानींखालून चालत जा. कचेऱ्यांतली माणसं रोज तशीच जातात, बहुतेक वर न बघता. तुम्ही मात्र मध्यावर थांबून वर बघा.