पगाराची स्लिप नसलेल्याचं घर

एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच मापाचे दोन फ्लॅट घेणाऱ्या दोघांना ते वेगवेगळ्या किमतींना पडतात. सुरतेच्या पर्वत पाटियाला घर शोधायला निघालेल्या खानदेशी माणसाला हे फार लवकर कळतं. बिल्डरचा भाव दोघांना एकच असतो. फरक पडतो तो पुढे, कर्जाच्या टेबलावर.

उधना–जळगाव रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं गेली कित्येक दशकं सुरतेला येत आहेत. उधना, पांडेसराचे लूम्स, रिंगरोडची कापड मार्केटं आणि आता सारोली, इथे त्यांचं आयुष्य गेलं. लिंबायत, डिंडोली, नवागामच्या भाड्याच्या खोल्यांत संसार झाले, महापालिकेच्या मराठी शाळांत मुलं शिकली. आता त्या मुलांना स्वतःचं घर हवं आहे. महागड्या वेसू, पालकडे बघायचीही सोय नाही, म्हणून नजर पर्वत पाटिया, गोडादराकडे वळते. पण भेसाण–सारोली मेट्रो जवळच्या मॉडेल टाऊन, मगोबवरून जाणार म्हटल्यावर इथलेही भाव चढले.

15 लाखांचं कर्ज, मुदत 20 वर्षं, असं धरू. नोकरीत कायम असलेल्या कारकुनाला बँक ते समजा 9 टक्क्यांनी देते. त्याचा हप्ता साधारण 13,500 रुपये. लूमवरच्या कारागिराच्या हातात पगार रोख पडतो, मीटरच्या हिशेबाने. त्याच्याकडे ना स्लिप, ना फॉर्म 16. बँक त्याला दारातूनच परत पाठवते आणि तो हाउसिंग फायनान्स कंपनीकडे जातो. तिथे 13 टक्के लागले, तर तोच हप्ता 17,500 च्या वर जातो. वीस वर्षांत हा माणूस त्या कारकुनापेक्षा जवळजवळ पावणेदहा लाख रुपये जास्त भरतो. घर तेच, भिंती त्याच. कमाई कदाचित याचीच थोडी जास्त असेल.

कंपनीचा माणूस तपासणीला घरी येतो तेव्हा काय काय पाहतो, ते एकदा पाहण्यासारखं आहे. कारागीर कपाटातून वही काढतो. तारीख, मशीनचा नंबर, ताके, मीटर, मिळालेली रक्कम. पानंच्या पानं बॉलपेनने भरलेली. साहेब त्यातल्या तीनचार पानांचे मोबाइलवर फोटो घेतात. मग बायकोने लेस लावायला आणलेल्या साड्यांचा गठ्ठा मोजतात, नगामागे काय मिळतं ते विचारतात, शेजारच्या किराणा दुकानात उधारी थकते का याची चौकशी करतात. इतक्या वर्षांच्या घामाचा पुरावा म्हणजे ती वही, आणि ती मान्य होते तीही चढ्या व्याजाने. मला हा सरळ अन्याय वाटतो.

दुसरा मार रोखीचा. 20 लाखांचा फ्लॅट, पण विकणारा म्हणतो, दस्तावेज 13 लाखांचा करू, बाकीचे 7 रोख द्या. मुद्रांक शुल्काचे 4.9 टक्के वाचतील, असं दलाल समजावतो. वाचतात किती? 34,300 रुपये. आणि कर्ज मिळतं दस्तावेजाच्या आकड्यावर. पूर्ण किमतीचा दस्तावेज असता तर 90 टक्क्यांच्या हिशेबाने 18 लाखांपर्यंत मिळू शकलं असतं, पदरचे 2 लाख लागले असते. आता मिळणार 11 लाख 70 हजार आणि पदरचे लागणार 8 लाख 30 हजार. ते कुठून येतात? भिशीतून, बायकोच्या पोतीतून, गावाकडच्या दोन बिघे कोरडवाहूतून. आयकर वाचतो विकणाऱ्याचा, शेत जातं घेणाऱ्याचं. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, तरी बाजारात हे राजरोस चालतं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हा व्यवहार पेलतो. ज्याला कर्जाशिवाय गत्यंतर नाही तो यात भरडला जातो.

गावाकडच्या घराबद्दलही बोलायला हवं. सुरतेत कमावलेला पहिला मोठा पैसा आपली माणसं गावात स्लॅब टाकायला घालतात. भाऊबंदांत मान राहतो, हे मी समजू शकतो. पण ते घर दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर कुलपात असतं. शिवाय सप्टेंबर 2024 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना 2.0 मध्ये 25 लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज सवलत आहे, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. नवरा-बायकोपैकी कुणाच्या नावावर गावचा स्लॅब असला, की ही सवलत गेली. जिथे मुलं राहणार, तिथे आधी बांधावं, असं माझं ठाम मत आहे.

स्वस्त घर स्वस्त का आहे, हेही विचारावं. मिठी खाडी भरली की पर्वत गाम, लिंबायतच्या सोसायट्यांत पाणी शिरतं. ऑगस्ट 2020 आणि जून 2025 मध्ये लोकांनी ते भोगलं. घर पावसाळ्यात पाहावं, तळमजल्याच्या भिंतीवरची ओलीची रेघ पाहावी. भाव सुपर बिल्टअपचा सांगितला तरी रेराप्रमाणे कार्पेट किती, ते लेखी मागावं. दस्तावेज फक्त बाईच्या नावाने केला तर गुजरातमध्ये 1 टक्का नोंदणी फी माफ आहे, तीही घ्यावी.

पण एवढी काळजी घेऊनही व्याजातला तो 4 टक्क्यांचा फरक एकट्या कारागिराला मिटवता येत नाही. तो मिटवणं मालकांच्या हातात आहे. म्हणून सुरतेतल्या लूमवाल्या आणि मार्केटवाल्या शेठ लोकांना माझी कळकळीची विनंती आहे: कारागिराचा पगार बँक खात्यात जमा करा आणि महिन्याला एक सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या. तुमचा त्यात एक रुपयाही जास्त जाणार नाही, त्याचे नऊ-दहा लाख वाचतील.