बाळाचे भांडे आणि पुराव्याचे ओझे

तान्ह्या मुलाच्या दूधबाटलीतील रसायन घातक असल्याची सबळ शंका आहे, पण निर्विवाद पुरावा नाही. अशा वेळी बंदी घालणे न्याय्य आहे का? हा प्रश्न विज्ञानाइतकाच धर्मविचाराचाही आहे.

बिस्फेनॉल-ए हे त्याचे ठळक उदाहरण. ते पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असते. बाटलीत गरम दूध ओतले, ब्रशने घासून तिला चरे पडले, की ते अंशाअंशाने दुधात उतरते आणि शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा बाटल्यांवर बंदी घातली. भारतात १९९२ च्या कायद्याने दूधबाटलीला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे केले. २०१५ च्या मानकाने ती बिस्फेनॉल-ए विरहित असण्याची अट घातली.

भांड्यांची शुद्धी परंपरेला नवी नाही. कोकणातल्या घरांत कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात आमसुलाचे सार करत नसत. कल्हई उडालेली डोळ्यांना दिसे, पदार्थ कळकला की जिभेला कळे. शुद्धाशुद्धाचा निवाडा स्वयंपाकघरातच होई. बिस्फेनॉल-ए मात्र दुधात ना दिसते, ना चवीला लागते. पेणच्या बाजारात बाटली घेणारी आई कितीही दक्ष असली, तरी तिला ते ओळखता येणार नाही. म्हणून इथे घरचा आचारधर्म अपुरा पडतो. ते काम प्रयोगशाळेने आणि कायद्यानेच करायला हवे.

यावरचा आक्षेपही वजनदार आहे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांवर अनेक घरांच्या चुली पेटतात. केवळ शंकेवरून बंदी घातली, तर कष्टकऱ्याची भाकरी जाऊ शकते. पण प्रौढ माणूस धोका जाणून, मोबदला घेऊन पत्करू शकतो. बाळाला धोका कळत नाही, नकार देता येत नाही आणि लाभही मिळत नाही. रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले प्रत्येक माणसात ईश्वर वसतो, असे शिकवीत. हे मानले, तर बोलता न येणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा ठरतो आणि त्याच्या वतीने बोलणे समाजाचे कर्तव्य होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपली कृती निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकावर टाकली. तो खटला प्रदूषणाचा होता. बाळाच्या भांड्यालाही तोच न्याय लागू व्हावा. एका रसायनाचे नाव घेऊन बंदी घालणे पुरेसे नाही, कारण त्याच्या जागी आलेले बिस्फेनॉल-एस हेही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. वस्तू बाजारात येण्याआधीच ती निर्धोक असल्याचा पुरावा उत्पादकाने द्यावा, हाच अहिंसेचा आजचा व्यवहार्य अर्थ आहे.